मशीन थांबली की गप्प

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तब्येत सांभाळ, वेळेवर जेव, हे सगळं तुला पाठ आहेच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, एकशेवीस सदरे. गुडघा कुरकुर करतो, पण पायमशीन त्याच्याच जिवावर चालते, तेव्हा मी त्याचं ऐकून घेत नाही.

एक विचारायचं होतं. सहजच हं. तुझ्या खोलीतली ती सिंथेसायझरची पेटी पुसताना नजर गेली. इतकी बटणं, इतकी भोकं, आणि बाजाच्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मात्र कुठेच नाहीत. मग आवाज निघतो कुठून? खालच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं. म्हणाले, "वहिनी, ह्यातला एक खण आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा दार उघडतो आणि मिटतो. कोणी कोणाला काय द्यायचं, ते वायरी ठरवतात." मी म्हटलं, म्हणजे एकाने बेतायचं, दुसऱ्याने कापायचं, तिसऱ्याने काजं करायची. ते म्हणाले, तसंच समजा.

काल दोन वायरी लावून बघितल्या. तासभर बसले, हूं नाही की चूं नाही. काकांनी येऊन बघितलं आणि हसतच सुटले. मी 'आऊट'मधली वायर दुसऱ्या 'आऊट'मध्ये खुपसली होती. दोन नळ एकमेकांना जोडून बादली भरायची वाट बघत होते म्हणे! मग सरळ स्पीकरलाच लावली, तर जो भोंगा सुरू झाला तो थांबेचना. शेजारीण दार वाजवून विचारते, "काय हो, मिक्सर जळाला का?"

आणि हो, एका भोकाखाली माझ्या खडूने 'आई' लिहिलंय. खडू तूच पळवलास तर! पण ते भोक कशाचं? काकांनाही माहीत नाही.

उत्तर पाठव. बरं, थांबते.

तुझी आई

---

दि. २४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं. चार महिन्यांत पहिलं अक्षर. हातातला सदरा टाकून उघडलं, तर आत एकच ओळ: "वायरी होत्या तशाच आहेत ना?"

माझी प्रगती ऐक आधी. दाराचा खण आता मला हाताने उघडावा-मिटावा लागत नाही. एक खण आहे, तो नुसता हळूहळू वर जातो आणि खाली येतो, स्वतःचा आवाज काहीच नाही. त्याची वायर दाराला दिली, तर दार आपोआप उघडायला-मिटायला लागलं! भोंग्याचं झालं कोणीतरी झोपेत श्वास घेतल्यासारखं. मी टाळ्या पिटल्या. एकटीच. ह्या वयात.

नाहीत. वायरी तशा नाहीत.

तू गेलीस त्याच दुपारी मी काढल्या. एकूण एक. रंगवार लावल्या, गुंडाळल्या आणि दोऱ्यांच्या डब्यात भरल्या. चुकून नाही, पुसताना नाही. रागाने काढल्या. मागच्या पत्रात मी साळसूदपणे पुसण्याबद्दल लिहिलं, ते खोटं होतं.

तुला आठवत असेलच, तरी लिहिते. महिनाभर असं चाललं होतं की मी मशीन चालवली की तुझ्या खोलीतून टुकटुक सुरू, आणि मी थांबले की गप्प. मला वाटलं, वेडावतेस मला. त्या संध्याकाळी तीनदा मुद्दाम थांबून बघितलं. तिन्ही वेळा तू गप्प. मग डोकंच फिरलं माझं. दार ढकलून आले आणि नाही नाही ते बोलले. मी पाय झिजवते आणि तू नकला करतेस, माझ्या घरात हा तमाशा चालणार नाही, असं बरंच. तू काय म्हणालीस? "आई, तू शिवत राहा ना." झालं! आईने राबावं आणि लेकीने खेळावं, असंच ऐकू आलं मला.

दोन दिवसांनी बॅग घेऊन निघालीस. दारात एवढंच म्हणालीस, "वायरींना हात लावू नकोस."

काका म्हणतात, ह्या पेटीला आठवण नसते. जोडणी काढली की गेली, ती कुठेच लिहून राहत नाही. हे ऐकलं आणि दोऱ्यांचा डबा उघडून बसले. तेव्हापासून शिकतेय. तू यायच्या आत होतं तसं लावून ठेवावं, तुला कळूही नये, असा बेत होता. आता म्हणशील तर नुसत्या कुतूहलानेही बसते. सदरे मागे पडलेत.

रागाव, पण लिही. थांबते.

आई

---

दि. १५ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर नाही. नको देऊस, तुझा हक्कच आहे. पण हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मंगळवारी मशीनखाली सुई पडली. शोधायला वाकले, तर पाटाच्या खालच्या बाजूला रुपयाएवढी पितळी चकती. माझ्याच पांढऱ्या फितीने चिकटवलेली! तिच्यातून बारीक पांढरी वायर निघून भिंतीच्या कडेने कपाटामागे गेलेली. मागोमाग गेले तर थेट तुझ्या खोलीत. तिचं टोक कपाटामागे लोंबत होतं. त्या दुपारी मीच विजेची वायर समजून पेटीतून उपटून टाकलं होतं ते.

ती कुठे लावायची, हे विचारायला काका लागले नाहीत. 'आई' लिहिलेल्या भोकात लावली. त्या खणातून दुसरी वायर काढून दाराला दिली. मग येऊन मशीनच्या पाटावर बोटातल्या अंगुस्तानाने टिचकी मारली. पलीकडे टुक झालं. ती चकती पाटाची थरथर ऐकते तर!

पाय मारला. एका टाक्याला एक टुक. हळू चालवली की हळू, पळवली की पळतंय. म्हणून नीट ऐकायला थांबले, आणि ते गप्प.

कपाळावर हात मारला गं मी. तीनदा थांबून बघणारी शहाणी! तू गप्प बसत नव्हतीस, मीच तुला गप्प करत होते. "तू शिवत राहा ना" म्हणालीस, ते वाजावं म्हणून म्हणालीस. सांगितलं का नाहीस, असं विचारणार होते. पण सांगायला मी जागा कुठे ठेवली होती? आधी हसले, मग सदऱ्यांच्या ढिगात तोंड खुपसून खूप रडले. माझं चुकलं. फार चुकलं.

तुझी जोडणी काही परत आली नाही. कुठली वायर कुठे होती, ते तुलाच ठाऊक. मी लावलीय ती कच्च्या टाक्यांची आहे, उसवायला सोपी.

एकच अडचण आहे. मी शिवते तेव्हा मशीनच्या खडखडाटात मला धड ऐकू येत नाही, आणि ऐकायला उठले की वाजायचं थांबतं. काका म्हणाले, "मी बसतो मशीनवर, तुम्ही ऐका." मी नको म्हटलं.

तू ये. तू मशीनवर बस. तुझी शिवण वाकडी जाते, जाऊ दे, चिंध्या काढून ठेवल्यात. मी तुझ्या खोलीत बसून ऐकते. मग जागा बदलू, मी शिवेन आणि तू ऐक.

तोवर रोज वायर लावूनच कामाला बसते. दार उघडं ठेवलंय. तू म्हणाली होतीस तशी शिवत राहिलेय.

तुझीच,
आई