एकाच खेपेच्या तीन बाटल्या

प्रिय बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. घरी सगळे ठीक आहेत. तुझे भावोजी बाहेरच्या खोलीत पंखा दुरुस्त करतायत, म्हणजे चालू असलेला बिघडवतायत. हाताशी फोन असताना ही बाई पत्र कसलं लिहीत बसलीय, असं तू विचारणार. डॉक्टरांनी मला दर आठवड्याला पानभर हातानं लिहायला सांगितलंय, हे एक कारण. दुसरं ओघानं येईल. पण एक गोष्ट सांगून टाकल्याशिवाय माझं पेन पुढे सरकायचं नाही. मला वास येत नाही. साबणाचा नाही, फिनेलचा नाही, माझ्या स्वतःच्या तेलाचाही नाही. चार महिने झाले असतील, कदाचित जास्तच. आणि मला भीती वाटते आहे, बारके. खूप भीती वाटते आहे.

हसू नकोस. बावीस वर्षं नाकाच्या जोरावर पार्लर चालवलं मी. पुढच्या खोलीत खुर्ची, आरसा, बेसिन आणि मागच्या अंगणात ते आपलं वाफेवर तेल काढायचं भांडं. गवती चहा कापून आणायचा, अर्धा दिवस सावलीत पसरायचा, मग भांड्यात ठासून भरायचा आणि खालून वाफ सोडायची. नळीतून थेंबथेंब पाणी पडतं आणि त्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर धरतो. भांडंभर गवताचं तेल मुठीएवढ्या बाटलीत मावतं. त्या थराचा पहिला वास आला की मी सांगायची, हे गवत उशिरा कापलंय, हे जास्त वाळलंय, हे फक्कड जमलंय. लिंबासारखा, पण लिंबाहून उग्र, हिरवा वास. तू म्हणायचीस, ताई, तू नाकानं कांदे सोलतेस. सोलायचीच मी. हक्क होता माझा.

तुला तरी या तेलाचं कौतुक कुठे होतं आधी? नवजात बाळांच्या वॉर्डातली नर्स तू, दहा-दहा तास तोंडाला मास्क. नाकाच्या बाजूंनी आणि हनुवटीवर अगदी मास्कच्या आकाराचं पुरळ उठलं होतं तुझ्या. दोन मलमं झाली, एक फेसवॉश झाला, मग वैतागून माझं ऐकलंस. मी सगळ्यांना सांगते तेच तुलाही सांगितलं होतं. चेहरा तेलकट असेल, घामानं पुटकुळ्या येत असतील, तर हे तेल बरं. तेलकटपणा आवरतं, पुरळ लवकर बसतं. पण जादू नाही, आणि नुसतं तर कधीच लावायचं नाही. दोन चमचे बदाम तेलात एक थेंब, बस्स. तेही आधी कोपराच्या खळीत लावून एक दिवस वाट बघायची. डोळ्यांपासून लांब ठेवायचं. ड्यूटीवर जाताना लावायचं नाही, लेकरांना उग्र वासाचा त्रास नको. तिसऱ्या आठवड्यात तुझी हनुवटी साफ झाली आणि तुझ्या अर्ध्या वॉर्डानं बाटल्या मागवल्या. तेव्हा मी किती मिरवलं होतं, आठव.

त्या मिरवण्यातच घात झाला. बाटलीवर तारीख लिहायची असते, हे मला काय माहीत नव्हतं? पण मी कधी लिहिली नाही. नाक आहे ना, मग चिठ्ठ्या कशाला चिकटवायच्या, असा माझा तोरा. हे तेल हवा-उन्हात राहिलं की बिघडतं आणि बिघडलेलं तेल कातडीला चावतं. मी बाटली उघडायची, हुंगायची आणि जुनं वाटलं तर ओतून द्यायची. इतकं सोपं होतं ते.

गेल्या महिन्यात शाळेच्या मोठ्या बाई आल्या. अकरा वर्षं येतात, माझ्या खुर्चीत बसून त्यांना डुलकी लागते इतका विश्वास. खिडकीतल्या फळीवर एक अर्धी बाटली होती, बूच सैल झालेलं. मी सवयीनं उघडली, सवयीनं हुंगली, सवयीनं मान हलवली आणि त्यातला थेंब मिसळला. विचार कर, बारके. मला काहीही वास आला नव्हता आणि तरी मी मान हलवली. दहा मिनिटांत बाई उठून बसल्या. दोन्ही गाल लालबुंद, डोळ्यांखाली सूज चढायला लागलेली. मी साध्या तेलानं पुसलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, रिक्षात घालून कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तुमच्या हातून?"

परत आले तर टॉवेल धुणाऱ्या मावशी ती बाटली हातात धरून उभ्या. मावशींना तू ओळखतेस, सगळ्या गावाची पंचाईत त्यांना. त्यांनी बाटली नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. मला म्हणाल्या, ताई, हे तेल नव्हे, हे तर रंगवाल्याचं टर्पेन्टाईन झालंय, तुम्हाला कळलं कसं नाही? मी म्हटलं, सर्दी आहे. मला सर्दी नव्हती.

बाईंचा चेहरा आठ दिवसांत पूर्ववत झाला, डाग राहिला नाही. उलट त्यांनीच फोन करून माझी चौकशी केली, ते जास्त लागलं मला.

मग मी घरभर हुंगत फिरले. कापलेला कांदा, कॉफीचा डबा, फिनेल, नवं पुस्तक, शेवटी तुझ्या भावोजींचे मोजे. ते म्हणाले, एवढ्या वर्षांनी माझ्या मोज्यांना न्याय मिळाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मोजे माझ्या हातातून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गॅस गळला की वाजणारी भोंग्याची डबी आणून बसवली.

आणि त्या डबीकडे बघतानाच मला बाबांचं दूध आठवलं. तू तेव्हा अकरा-बारा वर्षांची असशील. रविवारची सकाळ, आई बाजारात गेलेली, दूध गॅसवर आणि बाबा शेजारच्या खोलीत पाठमोरे, ड्रॉइंगच्या फळीवर वाकलेले. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं पडलं, वरच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवायला खाली आल्या. बाबा शांतपणे रेघा ओढत बसले होते. आईनं दिवसभर त्यांची खरडपट्टी काढली, कामापुढे भान नाही म्हणून. बाबाही खजील होऊन हसत होते. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, की माणसाला वासच आला नसेल. त्यानंतर चौथ्या वर्षी नकाशावरची त्यांची रेघ हलायला लागली. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस, ऑफिसात पैज लावायचे लोक त्यांच्यावर. मग अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. कंपवात हा शब्द घरात त्यानंतर आला.

मी तेव्हा नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेले होते. त्यांच्या शर्टाची बटणं तू लावलीस, भरवलंस तू, रात्रंदिवस कूस तू बदललीस. मी महिन्यातून एकदा यायची, फळं आणायची आणि परत जाताना रडायची. हे मी तुझ्यापाशी कधी बोलले नाही. आज बोलते. तुझी माफी मागायची राहून गेली होती.

तर, आधी नाकाच्या डॉक्टरकडे गेले. आत काही अडलेलं नाही म्हणाले. बाबांचं ऐकल्यावर त्यांनी नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी बोटं आपटून दाखवायला लावली, चालायला लावलं, हात सैल सोडायला लावले, पानभर लिहून घेतलं. भला माणूस आहे, घाई नाही. म्हणाले, वास जायला दहा कारणं असतात, साधा ताप येऊन गेला तरी जातो. हा आजार बहुतेक घरांत वारशानं येत नाही, काही घरांत येतो. आज तुमच्यात मला काहीही दिसत नाही, कदाचित कधीच दिसणार नाही. रोज चाला, दर आठवड्याला लिहा, सहा महिन्यांनी दाखवा. एवढं सगळं चांगलं बोलले, आणि मी काय घेऊन घरी आले? काही घरांत.

तेव्हापासून मी माझ्याच हातावर पहारा ठेवून आहे. थेंब मोजताना एकाऐवजी दोन पडले की गार पडते. चहाचा कप बशीवर वाजला की तुझ्या भावोजींकडे चोरून बघते, त्यांनी ऐकलं का. आणि ते पेपरात डोकं घालून मुद्दाम न ऐकल्यासारखं करतात. आम्ही दोघं एकमेकांना घाबरवायचं नाही असं ठरवून घाबरलेले आहोत. आता प्रत्येक बाटलीवर तारीख आहे आणि मावशी माझं अधिकृत नाक आहेत. रोज सकाळी खुर्चीत बसून, पदर सावरून, एकेक बाटली हुंगतात आणि न्यायाधीशासारखा निकाल देतात. गिऱ्हाइकांनाही मी खरं सांगून टाकलं. दोन जणी गेल्या, बाकीच्या राहिल्या. मोठ्या बाई गेल्या सोमवारी येऊन परत खुर्चीत बसल्या. मी चेहऱ्याला हात लावायच्या आधी त्यांच्या कोपराच्या खळीत थेंब लावला आणि म्हटलं, उद्या या. आल्या.

इथपर्यंत वाचून तुला वाटलं असेल, ताईला मन मोकळं करायचं होतं. मलाही तसंच वाटत होतं. याआधी तीन पत्रं लिहून फाडली, ती सगळी इथेच संपत होती.

बारके, अकरा दिवसांपूर्वी तुझा फोन आला होता. तू हसत म्हणालीस, "ताई, हल्ली तेलात पाणी घालतेस का गं? पाठवलेल्या दोन्ही बाटल्यांना वासच नाही." आणि मी म्हटलं, हो गं, या वेळी तेल कमी पडलं असेल. मी खोटं बोलले. म्हणजे बोलताना मला ते खरंच वाटलं, माझ्या नाकाचा काय भरवसा. पण फोन ठेवल्यावर त्याच खेपेची तिसरी बाटली मी मावशींच्या हातात दिली. त्याच दिवशी, त्याच भांड्यातून, तुझ्या दोन बाटल्यांबरोबर भरलेली. बूच निघालं आणि मावशी दोन पावलं मागे सरकल्या, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझा विश्वास बसेना. तुझ्या भावोजींना हुंगवली, मोठ्या बाईंना हुंगवली, पोस्टमनलाही हुंगवली. सगळे एकच म्हणाले, किती उग्र आहे हो. तेलात काही कमी नाही, बारके.

सांगावं की नाही, यात हे अकरा दिवस गेले. मला आधी वाटलं, जितके दिवस तिला माहीत नाही तितके दिवस तिचे सुखाचे. पण तू एकटी राहतेस, तुझ्या स्वयंपाकघरात भोंगा नाही, आणि रोज सकाळी तू वीतभर लेकरांच्या केसाएवढ्या शिरा शोधतेस. फोनवर सांगितलं असतं तर माझा आवाज ऐकून तू उलट मलाच धीर देत बसली असतीस, बाबांच्या वेळी सगळ्यांना दिलास तसा. म्हणून पत्र. आता खिडकीपाशी बस आणि संत्र्याचं साल नाकाशी घेऊन मोड. मग कॉफी, मग साबण. कदाचित मास्कमुळे असेल, सर्दी असेल, देव करो आणि तसंच असो. वास आला तर लगेच फोन कर आणि मला मनसोक्त शिव्या घाल, मी एकही परत करणार नाही. मंगळवारी अकरा वाजताची डॉक्टरांची वेळ मी दोघींच्या नावानं घेतली आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. वास आला नाही तर फोन करू नकोस, गॅस खालून बंद कर आणि सरळ निघून ये.

तुझीच, या वेळी तुझ्या जवळ असणारी,
ताई