तव्याचं बटन, माइकचं बटन

मी, चतुराबाई फकिरा औताडे, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, वय अंदाजे शहात्तर, हे लिहून ठेवते. अंदाजे अशासाठी, की निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पोटात होते का मांडीवर, यावरून माझ्या आईचं आणि मावशीचं मरेपर्यंत भांडण चाललं. शिक्षण दुसरी पास, तिसरीतून घरी. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईनं काल तसं सर्टिफिकेट दिलं. तिनं विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हणले, "गुरुवार. आणि तुझ्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं हाय." तिनं लगेच सही केली. माझ्यावर कुणाचा दाब नाय. कुणी धमकी दिलेली नाय. दिली असती तर त्याचे दात या कागदाला टाचून ठेवले असते.

वकिलानं टाइप केलेला कागद मी परत केला. त्यात 'सदर' आणि 'उपरोक्त' लई होतं आणि मारामारी एक पण नव्हती. वाचणाऱ्याला कळणार कसं कुणाला काय का दिलं? म्हणून माझ्या हातानं लिहिते. या आधी कुठं काही लिहून दिलं असेल तर ते रद्द धरावं. मला आज लई आनंद झालेला आहे, तोही इथं नोंदवून ठेवते.

कलम एक. माझे मालक फकिरा औताडे वारले त्याला एकवीस वर्षं झाली. औरंगपुऱ्यात त्यांनी साउंड सर्व्हिसचं दुकान काढलं. लग्न, बारसं, गणपती, निवडणूक, सगळीकडं आमचे भोंगे. निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांना आमचेच. एकदा दोन्ही सभा एकाच चौकात आल्या. एकीकडं जिंदाबाद, दुसरीकडं मुर्दाबाद, आणि वायरी एकाच मशीनला. दगड सुरू झाले. मालकांचं डोकं फुटलं, मी मशीनवर आडवी पडले, आणि मशीन उचलायला आलेल्या एकाच्या नडगीवर माइकचा लोखंडी स्टँड घातला. तो माणूस पुढं मोठा पुढारी झाला. अजून लंगडतो. नाव लिहीत नाय, हार घालायला येईल तेव्हा ओळखून घ्या.

मालकांनी मला जन्मात तीनदा मारलं. तिसऱ्या वेळी तोच स्टँड त्यांच्या खांद्यावर बसला. महिनाभर त्यांना हात वर करता येईना, भोंगे मी चढून बांधले. त्यानंतर आमचं फार छान जमलं. दर शुक्रवारी टाकीजला, मधल्या सुट्टीत भजे, आणि घरी येताना सायकलवर ते गाणं म्हणायचे, लई बेसूर. तो स्टँड पलंगाखाली आहे. भंगारवाल्याला द्यावा.

कलम दोन. गारखेड्यातलं राहतं घर, दोन खोल्या, पडवी आणि गच्ची, माझ्या नावावर आहे. ते मी माझी सून आशाबाई हिला देते. तिच्या परवानगीशिवाय तिच्या नवऱ्यानं उंबरा ओलांडू नये. तिचा नवरा म्हणजे माझा एकुलता एक मुलगा बद्रीनाथ. आता आई असून असं का लिहिते, ते सांगते.

आशा एक्याण्णव साली लग्न होऊन आली. आठव्या दिवशी बद्रीनाथनं तिला मारलं. मग चार वर्षं मारत राहिला. भाजीत मीठ जास्त, मार. माहेरचं पत्र आलं, मार. पार्टीचं तिकीट मिळालं नाय, मार. मिळालं त्या दिवशी पण मारलं, का तर तिनं पेढा आधी देवापुढं ठेवला. एकदा बरगडी मोडली, एकदा कानातून रक्त आलं. आणि मी काय केलं? मी गाणं लावलं.

मशीन तेव्हा पुढच्या खोलीत असायचं. मशीनला दोन बटनं, एक तव्याचं, एक माइकचं. तवा म्हणजे रेकॉर्ड, नवीन पोरांना माहीत नसतं म्हणून लिहिते. आतून पहिला आवाज आला की मी तवा लावायचे आणि तव्याचं बटन चढवायचे. शेजारची वच्छलाबाई म्हणायची, "चतुराबाई, तुमच्या घरात लई हौस बाई गाण्याची!" मी हसायचे. जिनं नवऱ्याचा खांदा खाली आणला तिला पोराचा हात धरता आला नाय. पोर आपलं होतं ना. दुसरं काही कारण नाय, शोधू नका.

पंच्याण्णव सालच्या निवडणुकीला बद्रीनाथ आमच्या वॉर्डातून उभा राहिला. प्रचाराची शेवटची संध्याकाळ. गच्चीवर चार भोंगे, चारी दिशेला तोंडं. मधल्या खोलीत स्टुलावर माइक, कारण साहेब आरशासमोर भाषण घोकत होते, "माझ्या आया-बहिणींनो". गल्लीत बाया जमलेल्या. आशाकडून इस्त्री करताना पांढऱ्या सदऱ्याची कॉलर जळली. मला आधी वास आला, मग आवाज आला. पहिला, दुसरा. तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटल्याचा आवाज मी ओळखत होते, त्याला एक वेगळा दण असतो.

मी तवा लावला. सुई ठेवली. आणि मग काय झालं मला माहीत नाय, माझ्या हातानं तव्याचं बटन पार खाली आणलं आणि माइकचं पार वर नेलं.

सगळ्या वॉर्डानं ऐकलं. दण, किंचाळी, आणि उमेदवाराच्या तोंडच्या शिव्या. आशा म्हणली, "बाहेर बाया आल्यात, त्या तरी ऐकतील." बद्रीनाथ म्हणला, "त्या रांडांची मतं एकदा पडू दे, मग बघ त्यांना पण कसा सरळ करतो." हे चारी दिशेला गेलं. मग दार तुटलं. वच्छलाबाई पुढं, हातात मुसळ. मागं पंधरा-वीस बाया, कुणाकडं चप्पल, कुणाकडं लाटणं. त्यांनी त्याला ओढत गल्लीत नेलं आणि त्याच्याच पोस्टरखाली तुडवला. वरचा दात पडला. सदरा फाटला तेव्हा जळकी कॉलर एकीच्या हातात राहिली, ती तिनं खांबाला बांधली. माइक चालूच होता, त्यामुळं हे पण सगळं ऐकू गेलं. खरं लिहायचं म्हणून लिहिते, माझ्या जन्मात इतकं गोड मी काही ऐकलेलं नाय.

बद्रीनाथ पडला ते निवडणुकीत पण पडला. घर सोडून बजाजनगरला राहायला गेला. आशा माझ्याजवळ राहिली, मालकांच्या मागं भोंगे बांधायला जाऊ लागली, आता आमची लोडिंग रिक्षा तीच चालवते.

कलम तीन. औरंगपुऱ्यातलं दुकान, त्यातलं मशीन, भोंगे, वायरी, मिक्सर, आणि वर लिहिलेली लोडिंग रिक्षा. यातली रिक्षा आशाची. बाकी सगळं मी गौहर मुख्तार शेख हिला देते. गौहर ही आमच्या मिस्त्रीची मुलगी.

बद्रीनाथ, हे वाचून तू उठशील. बस खाली आणि पुढं वाच.

मुख्तार मिस्त्री चाळीस वर्षं आमच्याकडं आहे. कॉइल गुंडाळावी तर त्यानं. त्या संध्याकाळी मशीन त्यानंच जोडून दिलं होतं आणि तो चहा प्यायला गेला होता. सगळे म्हणले, मिस्त्रीनं माइक चालू ठेवला. बद्रीनाथ पण हेच म्हणला. तिसऱ्या दिवशी तो चार माणसं घेऊन दुकानात आला. मुख्तारचा उजवा हात दाराच्या चौकटीत दाबून धरला आणि वरून शटर ओढलं. दोनदा. पहिल्यांदा नीट बसलं नाय म्हणून. दोन बोटं अजून वळत नायत, पाना धरला की पडतो.

पोलीस आले तेव्हा मुख्तार म्हणला, "शटर आपसे गिरा साब." मी दवाखान्यात गेले, त्याला विचारलं, "खरं का नाय सांगितलं?" तो म्हणला, "अम्मा, हात मेरा एक है, मोहल्ला पूरा है. नाम लेता तो कल क्या होता, तुमकू मालूम." ते दिवस तसेच होते, दंगल नुसत्या निमित्ताला टेकलेली. मी मान हलवली. पण माझं खरं मी पण नाय सांगितलं. मी भीत होते. पोराला नाय, पोर मला आई म्हणायचं बंद करील याला.

एकोणतीस वर्षं मुख्तारनं माझ्या बटनाचा मार हातावर वागवला. मागच्या महिन्यात हे मृत्युपत्र करायचं ठरलं तेव्हा मी त्याला बोलावून सांगितलं, "मिस्त्री, बटन मी फिरवलं होतं." तो चहात खारी बुडवत होता. म्हणला, "मालूम है अम्मा."

"कसं काय?"

"मैं मशीन का मिस्त्री हूँ. जाते वक्त माइक का बटन मैं खुद नीचे करके गया था."

"मग बोलला का नाय?"

"बोलता तो शटर तुमपे गिरता." आणि खारी खाल्ली.

मी रडले, हे लिहायची गरज नाय, पण लिहिलं. दुकान मी त्याच्याच नावानं करत होते, तो म्हणला मला नको, पोरीला द्या, तेरा वर्षांची असल्यापासून माझ्या हाताचं काम तीच करते. खरं आहे. गौहर आता बजाजनगरच्या मोठ्या हॉलांचं साउंड एकटी सांभाळते. गाणं लावते तर छातीत वाजतं.

कलम चार, का पाच, जे असेल ते. तवे. दोन पेट्या भरून आहेत, सगळी शिनेमाची गाणी. मला वाटलं हे फोडून टाकावेत. मारावर पांघरूण घातलेली गाणी कुणाला द्यायची? आशाला तसं म्हणले तर ती भांडी घासायची थांबली.

"आत्याबाई, फोडायचे कशाला? द्या मला."

"अगं, तुला ऐकवतील का ते?"

"मार बसायचा तेव्हा मी गाण्याकडंच कान लावून ठेवायचे. कडवं संपेपर्यंत तो दमायचा. मला सगळी पाठ हायत."

आणि तिनं राखेच्या हातानं एक म्हणून दाखवलं, अख्खं, मधल्या वाजंत्रीसकट. दोन्ही पेट्या आशाच्या.

कलम पुढचं. वच्छलाबाईला माझी पितळी घागर. तिनं नळावरच्या भांडणात माझा डावा कान चावला होता, ओळख पटवायची वेळ आली तर ती खूण बघावी. मी तिच्या केसांचा झुबका उपटला होता, तो परत देता येत नाय.

बद्रीनाथला त्याच्या बापाचं घड्याळ, चष्मा आणि लग्नातला फोटो. माझ्या चितेला अग्नी आशा देईल. त्यानं यावं, मागं उभं राहावं. पुढाऱ्यांची भाषणं नकोत. दहाव्याला गौहरनं गाणी लावावी, उडत्या चालीची.

शेवटचं कलम. हा कागद पाकिटात बंद करून मी मेल्यावर उघडायचा, असं वकील म्हणाला होता. मला ते लई पसंत होतं. मी सुटले असते. पण गौहरनं वाचला आणि माझ्यापुढं आपटला. म्हणली, "दादी, तुम मरके छूट जाओगी. वो आएगा दुकानपे, और शटर फिर अब्बापेच गिरेगा. तुम्हारा सच तुम जिंदा रहके बोलो, नहीं तो रखो तुम्हारी दुकान."

पोरगी बरोबर बोलली. म्हणून आज मी बद्रीनाथला बोलावणं धाडलं आहे. साक्षीदार म्हणून वच्छलाबाई आणि तात्यासाहेब समोर बसलेले आहेत. तो जिना चढतो आहे, खोकला ऐकू येतो. थांबते.

आता पुन्हा लिहिते.

त्यानं उभ्यानंच वाचलं. शटरपाशी आला तेव्हा परत मागं गेला आणि बटनाचं पुन्हा वाचलं. म्हणला, "आई, तू?"

मी म्हणले, "मी. मुख्तारनं काही केलं नव्हतं. आता मारायचं तर मला मार, मी हाय इथं."

त्यानं हात उगारला. माझ्यावर पहिल्यांदा. बद्रीनाथ मारतो डाव्यानं, लिहितो उजव्यानं, शाळेत गुरुजींनी पट्ट्या मारून तेवढंच फिरवलं होतं. तो डावा हात वरच राहिला. आशानं मागून येऊन मनगट धरलं होतं. तात्यासाहेब उठायला लागले, तिनं नुसतं डोक्यानं बसा म्हणलं.

"सोड," तो म्हणला.

एकोणतीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. म्हणली, "वाचलं ना? मग सही करा."

"आधी सोड."

"आधी सही."

तो ओढून बघत होता, ती हलत नव्हती. त्याचं तोंड लाल झालं, मग पांढरं झालं. मग त्यानं उजव्या हातानं पेन मागितलं. मी दिलं.

हे सर्व मी राजीखुशीनं लिहिलं, साक्षीदारांपुढं वाचलं आणि सही केली.

ठिकाण: गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
तारीख: १३ डिसेंबर २०२४, शुक्रवार

सही: चतुराबाई फकिरा औताडे

साक्षीदार:
१. वच्छलाबाई बन्सी काळे, शेजारीण (अंगठा, सही येते पण आज अंगठाच घ्या म्हणली)
२. तात्यासाहेब देशपांडे, रिटायर हेडक्लार्क

वरील मजकूर मी वाचला: बद्रीनाथ फकिरा औताडे

(अक्षर वाकडं आलं आहे तरी खरं धरावं. सही पूर्ण होईपर्यंत आशानं हात सोडला नव्हता. च. फ. औ.)