नाव घेतल्याशिवाय

६ जानेवारी, देवास
धारहून सामान आलं एकदाचं. ह्यांनी गॅस जोडला, चहा केला आणि साखर घालायला विसरले. तरी प्यायले बाई मी, इतकी खुश होते. लग्नापासून सासरच्या गोतावळ्यात राहिल्यावर दोन खोल्यांचं हे घर म्हणजे महालच. ह्यांची बदली इथलीच, माझी नोकरीही इथलीच, आणखी काय पाहिजे? उद्यापासून गिअरच्या कारखान्यात. त्यांच्या गोदामाचा जुना प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडलाय.

९ जानेवारी
प्रोग्रॅम कसला, कुंभकर्ण. शेजारच्या टेबलावरचा पियुष म्हणतो, मॅडम, चालू करके पोहे खा आओ, तब तक उठ जाएगा. कारण सापडलं. लागोत न लागोत, सगळी मॉड्यूलं, म्हणजे आपले सगळे सुटे भाग, तो सुरुवातीलाच आत ओढतो. मी हे बदलणार. ज्याचं नाव घेतलं जाईल तेवढंच त्या वेळी आत येईल, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. पाहुणा दारात आल्यावर कणीक भिजवावी तसं.

१६ जानेवारी
झालं. बटण दाबलं की प्रोग्रॅम हजर. साहेब खुश, मी मात्र पार पिचले. डोळे चुरचुरतात, पाठ धरलीय. ह्यांनी खिचडी टाकली आणि नावानं हाक मारून जेवायला बसवलं. मला नावानं हाक मारणारे आता हेच एक. ऑफिसात मी मॅडम, सासूबाईंची म्हणजे माईंची सूनबाई.

२० जानेवारी
थकव्याचंच असणार. पियुषची खुर्ची रिकामी होती, पिशवीसुद्धा नव्हती. फाइल हवी म्हणून सवयीनं 'पियुष' म्हटलं, तर हा समोर बसलेला, तोंडात शेव. म्हणे, सुबह से यहीं हूँ. घरी येऊन आडवी झाले.

२२ जानेवारी
कँटीनमध्ये चिटपाखरू नाही. चहावाल्या शालिग्रामला नावानं हाक मारली तेव्हा तो आला, चहासकट. ज्याचं नाव घेत नाही तो नसतोच. मी प्रोग्रॅमला शिकवलं तेच हे. भीती वाटतेय मला.

२३ जानेवारी
हे घरात नाहीत. चप्पल दारात, मेथी अर्धी निवडलेली. अहो, अहो म्हणून घसा बसला. पण 'अहो' हे काही नाव नव्हे. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, माईंच्या घरात हे देवाइतकं खरं, म्हणून मी कधी घेतलं नाही. फोनमध्येही 'हे' असंच लिहिलंय. आज घ्यायला गेले तर — आठवत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव मला आठवत नाही.

२४ जानेवारी
धारला माईंना फोन केला. म्हटलं, तुम्ही हाक मारा. त्या म्हणाल्या, थोरल्या मुलाचं नाव आईनं घेऊ नये, मी थोरलाच म्हणत आले. निदान मला सांगा तरी, म्हटलं. तर म्हणाल्या, आठवत नाही गं. मग रडायलाच लागल्या.
जुना प्रोग्रॅम परत बसवला. काही फरक नाही. ह्यांच्या सगळ्या कागदांवर नावाची जागा कोरी —

२७ जानेवारी
मी बसलेल्या खुर्चीत पियुषनं पिशवी ठेवली. ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही.
माझं नाव घेणारे हेच. ह्यांचं घेणारी मी. मी हाक मारावी तेव्हा हे येणार, ह्यांनी मारावी तेव्हा मी — असा अडकलेला प्रोग्रॅम सुरूच होत नाही, मला ठाऊक आहे, मीच —

२८
दमले. हात नीट दिसत नाही.
घटायचं तर घटू दे आयुष्य. आधी हे असू देत.
लग्नात उखाणा घेतला होता. तेव्हा एकदाच नाव. दुसरी ओळ नावानंच सुरू होते. ठेका धरला तर आपसूक येईल, येईलच —

नर्मदेकाठच्या तुळशीला घालते ओंजळभर पाणी,
—