आठ-चार, आठ-चार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? औषध खिडकीतून फेकत नसशीलच.

आज सकाळपासून कानात मास्तरांच्या रुळाची टकटक घुमतेय. टेबलावर रूळ पडायचा आणि सगळा वर्ग झुलत कविता म्हणायचा. (तू मुलींच्या बाकावरून सगळ्यांच्या पुढे पळायचीस.) तो ताल अंगात भिनलाय, आणि आज त्याचाच मला अभिमान आहे.

तुला वाटत असेल, दादा रुसला. छे गं! दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तू एक कडवं म्हणायचं, मी पुढचं. हा आपला नेम मी आपणहून मोडीन? फोनवर मला शब्द कळत नाहीत, तुझे ओठ दिसले तरच कळतात, आणि ओठ दाखवणारं इंटरनेटच बंद पडलंय. मोबाइलवर वायफायच्या काड्या भरलेल्या, पण उघडत काही नाही.

मागच्या कॉलला तुझ्या लेकाने समजावलं होतं की नेटला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नाव सांगितलं की आकडा काढून देणारा मध्ये कुणीतरी बसतो, तो डीएनएस. (आपल्या शाळेचा शिपाई! नाव घेतलं की हजेरीचा नंबर सांगायचा.) आपला तो आळसावलाय, म्हणून नवा नेमायला त्याने आकडे सांगितले. मी लिहून घेतले नाहीत, चालीत बसवले: आठ-चार, आठ-चार. कसं झुलतं बघ! त्याच तालात माझ्या मोबाइलवरून राउटरमध्ये भरले आणि तेव्हापासून शुकशुकाट.

राउटर वरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे, दोघांत मिळून. त्यांना गिऱ्हाइकांचे फोटो मिळत नाहीत. बिचाऱ्या रोज स्टुलावर चढून डबा बंद-चालू करतात आणि मी खाली स्टूल धरून म्हणतो, "पुन्हा एकदा करून बघा." त्या म्हणतात, "काका, तुम्ही होतात म्हणून बरं!" तेव्हा मी छताकडे बघतो.

खरी काळजी वेगळीच आहे. नावाड्याच्या कवितेचं तिसरं कडवं मला आठवेनासं झालंय. पहिलं-दुसरं म्हणतो आणि होडी मध्येच थांबते. आता तू नाहीस, तर वल्हवणार कोण?

तुझा,
दादा

ता.क. लेकाला हळूच विचार: आधी दोन आठ, मग दोन चार, असं तर नव्हतं ना? तसं म्हटलं तर चाल अगदीच लंगडते, म्हणून विचारतो.

ता.क. दुसरा: बाईंना यातलं काही कळता कामा नये.

ता.क. तिसरा: दार वाजलं म्हणून उठलो होतो. दारात बाई. गळ्यात टेप, हातात आजच स्वतःच्या खर्चाने नेट भरलेला मोबाइल, आणि मोबाइलमध्ये तू! तुझे ओठ मला स्वच्छ दिसले: "दादा, आठ-चार आठ-चार केलंस ना? मीही तस्संच म्हणून पाहिलं!" बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतायत. हसतायत, असं वाटतंय. लेखणी ठेवतो, तू तिसरं कडवं सुरू केलंयस.