हॉलिसचं रिव्हॉल्व्हर आणि माझी छोटी गाडी

सेंट ओनेझीम, लुइझियाना
उपासकाळातला सोमवार

आदरणीय आल्सिददादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? मोड्रीवहिनीचा खोकला थांबला का? नसेल थांबला तर तिला सांग, मध आणि व्हिस्की, आणि मध नसला तरी चालेल. इकडे मी ठणठणीत आहे. डोळे उत्तम, कान उत्तम, डोकं तर फारच उत्तम. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या मुलीनं तुला फोनवर वेगळं चित्र रंगवून सांगितलं असणार. रनेल लहानपणापासून चित्रकलेत हुशार आहे, सगळे रंग भडक वापरते.

आता मुद्द्याचं. येत्या शनिवारी तू इथे येणार, दोन्ही बाजू ऐकणार आणि निकाल देणार, असं तिनं ठरवलंय. मीही भरात "हो, येऊ दे मामाला, तो म्हणेल ते मान्य" असं म्हणून बसले. तेव्हा निकालाचा अर्थ आधी समजून घे. तू तिच्या बाजूनं बोललास तर रिव्हॉल्व्हर जाणार, गाडीची किल्ली जाणार आणि ईस्टरच्या आत मी ह्यूस्टनला तिच्या गॅरेजवरच्या खोलीत जाणार. ("मस्त खोली आहे ममा, खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसतो." चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला त्या तलावात चड्डीवर तरंगणारा जावई बघायचा नाही. टॉड सज्जन आहे. पण सगळ्या सज्जन गोष्टी बघायच्याच असतात असं नाही.) म्हणून तू गाडीत बसण्याआधी माझी बाजू कागदावर असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

हॉलिस गेला, मी विधवा झाले, तेव्हा त्याची पिकअप मी विकली, कारण तिच्यात चढायला मला शिडी लागायची. मग ही छोटी गाडी घेतली. गावातल्या पुरुषांना तेव्हापासून आयता विषय मिळाला. "इर्माबाई, ही कुठल्या बिस्किटाच्या पुड्यात निघाली?" असं मला भर पेट्रोलपंपावर विचारलं गेलंय. मी लक्ष देत नाही. जन्मभर मी धानगिरणीच्या काट्यावर बसले आणि ओल्या धानाला कोरडं म्हणणाऱ्या याच पुरुषांची वजनं केली आहेत. कोणात किती पाणी आहे ते मला ठाऊक आहे. गाडी लहान आहे, पण ती मला रोज चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला नेते, आठवड्यातून दोनदा इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला नेते, आणि लिओकेडीला (शाळेपासूनची माझी मैत्रीण, आता गुडघे आणि बडबड दोन्ही वाढलेली) जिथे जायचं तिथे नेते. रस्ता सगळा धानाच्या शेतांमधला. गाडी बंद पडली तर सोबतीला फक्त बगळे. म्हणून हॉलिसचं रिव्हॉल्व्हर मी सोबत ठेवते. यात विचित्र काय आहे ते मला कोणी सांगावं. तूच नाही का त्याच्या दफनानंतर ते माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "जवळ ठेव, इर्मा"?

अडचण अशी की चर्चमध्ये ते नेता येत नाही, इस्पितळात नेता येत नाही, शाळेत तर नाहीच. म्हणजे माझ्यासारख्या धर्मशील बाईचं रिव्हॉल्व्हर दिवसभर गाडीतच राहणार. आणि गाडीत ठेवायचं म्हणजे नीट कुलूपबंद ठेवायचं, एवढी अक्कल मला आहे. ती आमच्या गावातल्या पुरुषांना नाही. चर्चच्या आवारात उभ्या असलेल्या पिकअप बघ. मागच्या काचेवर बंदुकीचं चित्र, खाली धमकी. म्हणजे चोराला पाटी लावून कळवायचं, की माल इथे आहे, मालक तासभर प्रार्थनेत आहे. काचा अर्ध्या उघड्या. गेल्या वर्षी त्यांतल्या तीन पिकअपमधून बंदुका गेल्या. त्या मालकांच्या मुली आल्या का ह्यूस्टनहून? घेतल्या का त्यांच्या किल्ल्या काढून? उलट मंडळींनी त्यांना बियर पाजली आणि पाठीवर थोपटलं.

आता छोट्या गाडीत जागा शोधायची म्हणजे काय असतं ते ऐक. डिकी म्हणशील तर ती काचेची. आत काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, माझे तांदूळ कुठल्या गिरणीचे आहेत यावर सुद्धा चर्चा झाली आहे. दाराच्या खिशात छत्री मावत नाही. म्हणून आधी मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं. त्या कप्प्याला कुलूप आहे. निदान गाडी विकणाऱ्यानं त्याला कुलूप म्हटलं होतं. मग एकदा फादर न्वोसूंची गाडी दुरुस्तीला होती, तेव्हा मी त्यांना एका दफनविधीला घेऊन निघाले. रेल्वेच्या फाटकावर गाडीनं उडी मारली, कप्पा उघडला आणि रिव्हॉल्व्हर सरळ फादरांच्या मांडीवर, प्रार्थनेच्या पुस्तकावर येऊन बसलं. फादर नायजेरियाचे आहेत, तिथे त्यांनी यादवी युद्धाच्या गोष्टी घरात ऐकलेल्या. ते जरासुद्धा हलले नाहीत. नुसते म्हणाले, "इर्माबाई, आपण ज्यांच्याकडे निघालोय ते आधीच गेलेत ना?" त्यांना मी तेव्हापासून मानते. (ही गोष्ट रनेलला माहीत नाही. तू सांगू नकोस.)

त्याच दिवशी मी पोलादी पेटी मागवली. चार आकड्यांचं कुलूप, सोबत बोटाएवढा जाड पोलादी दोर. दोर सीटच्या लोखंडाला गुंडाळायचा आणि त्याचं टोक पेटीत अडकवायचं, म्हणजे पेटी न्यायची तर चोराला सीट न्यावी लागेल, आणि माझी सीट कोणी नेणार नाही. हे सगळं मी एकटीनं केलं, चर्चच्या आवारात जमिनीवर आडवी होऊन. (दोन जणांनी मला दौरा पडला असं समजून रुग्णवाहिका बोलावली. तेही रनेलनं माझ्याविरुद्ध केलेल्या यादीत "ममा पडली होती" असं नोंदलं गेलंय. मी पडले नव्हते. मी काम करत होते.) पेटी आधी माझ्या सीटखाली बसवली. मग सीट मागेच जाईना. आठवडाभर मी हनुवटीशी गुडघे घेऊन बेडकासारखी गाडी चालवली. म्हणून ती शेजारच्या सीटखाली हलवली. तिथे बसली, घट्ट बसली, फक्त लिओकेडी सीटवर बसली की पेटीचं झाकण उघडत नाही. यात मला दोष दिसत नाही. उलट हे दुसरं कुलूप आहे, आणि तेही जडच.

आता गेल्या शुक्रवारची गोष्ट. उपासाचा शुक्रवार, मटण-कोंबडी वर्ज्य, त्यामुळे अर्थातच चर्चच्या हॉलमध्ये माशांचं जेवण. पुरुष बाहेर कढईशी उभे राहून मासे तळत होते आणि आपण फार मोठं काम करतोय असा चेहरा करत होते. आत बायका बटाट्याचं सॅलड वाढत होत्या. मी वाढण्यावर होते, म्हणून लिओकेडीला किल्ली देऊन गाडीतून पुडिंगचं भांडं आणायला पाठवलं. तिचं डोकं दुखत होतं. भांडं घेताना तिला सीटखाली पेटी दिसली. आपल्या डोक्यानं तिनं ठरवलं की इर्मानं औषधं कुलपात ठेवली असणार. आणि कुलूप तिनं पहिल्याच फटक्यात उघडलं.

कसं, ते विचार. आमच्या शाळेचा सण आठ डिसेंबर, आमच्या आईमाउलीचा. सिस्टर फिलोमीननी पहिलीपासून बारावीपर्यंत तो आमच्या डोक्यात असा ठोकला की मुली स्वतःचा वाढदिवस विसरल्या तरी तो दिवस विसरणं शक्य नाही. मी कुलपाला आकडे दिले, आधी महिना, मग तारीख: एक, दोन, शून्य, आठ. लिओकेडी म्हणाली, "मग दुसरं काय देणार होतीस? माझ्या फोनलाही तेच आहे." हॉलमधल्या निम्म्या बायकांचे चेहरे तिथल्या तिथे पांढरे पडले. आज सकाळी बँकेत कार्डाचे आकडे बदलायला रांग होती, सगळ्या आमच्याच शाळेच्या. एकमेकींकडे न बघता, आकडे हातानं झाकून. आत्तापर्यंत या गावात चोर गरीब राहिले ते केवळ एकही चोर कॉन्व्हेंटमध्ये शिकला नाही म्हणून.

तर लिओकेडीला गोळ्यांऐवजी रिव्हॉल्व्हर मिळालं. शहाणी बाई काय करेल? झाकण लावेल. लिओकेडीनं ते कागदी रुमालात गुंडाळलं, दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखं धरलं आणि माशांच्या सबंध रांगेतून फादरांकडे नेलं. वर ओरडून, "फादर, हे इर्माचं काहीतरी बाहेर राहिलं होतं!" रांग दोन्हीकडे अशी दुभंगली की समुद्र दुभंगवणाऱ्या मोशेला सुद्धा हेवा वाटला असता. रांगेत शेरीफच्या ऑफिसातला कर्ली ट्राहान ताटली घेऊन उभा होता (तुझ्याच हाताखाली शिकलेला, पोट तुझ्याहून मोठं). त्यानं ताटली ठेवली, रुमाल सोडवला आणि मला विचारलं, "इर्माबाई, गाडीत कुलूपबंद होतं?"

मी म्हटलं, "होतं. सीटला दोर बांधून."

"मग तुमचं काही चुकलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये बंदूक आणली ती लिओकेडीबाईंनी."

लिओकेडी म्हणाली, "कर्ली, मी तुझ्या बाप्तिस्म्याला केक केला होता!"

"म्हणूनच तुम्ही अजून उभ्या आहात, बाई. बसा, मासे घ्या."

इथे सगळं संपायला हवं होतं. पण कोणीतरी फोटो काढला. त्यात लिओकेडीच्या हातात रुमाल आणि त्यातून नळी बाहेर आलेली, मागे मी, हातात सॅलडचा डाव उगारलेला. (मी वाढत होते!) मी घरी पोहोचण्याआधी फोटो ह्यूस्टनला पोहोचला. शनिवारी सकाळी रनेल दारात.

"ममा, आता पुरे. तुला कळतंय का काय झालं असतं?"

मी म्हटलं, "कळतंय. काही झालं नाही ते जास्त कळतंय."

"तू सत्तरीच्या पुढची बाई आहेस, खेळण्यातली गाडी चालवतेस आणि सीटखाली बंदूक बांधून फिरतेस."

"तुझा नवरा चाळिशीतला आहे, रणगाड्याएवढी गाडी चालवतो आणि गोल्फच्या काठ्या बांधून फिरतो. मी काही बोलले?"

टॉड म्हणाला, "आई, आम्हांला फक्त काळजी वाटते." मी त्याला पुडिंग वाढलं. काळजी करणाऱ्यांना पुडिंग वाढलं की ते गप्प बसतात, निदान टॉड बसतो. रनेल बसली नाही. तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, "बंदूक आणि किल्ली. दोन्ही." मी म्हटलं, दोन्हींपैकी काहीच नाही. तेव्हा तुझं नाव निघालं.

दादा, मी कोणाला गोळी घातली नाही. कोणाच्या कुंपणात गाडी घातली नाही. मी वस्तू कुलपात ठेवली, आणि माझ्या मैत्रिणीनं ती बाहेर काढली. या गुन्ह्यासाठी मला माझ्या घरातून, माझ्या मिसापासून, माझ्या बगळ्यांच्या रस्त्यावरून उचलून एका गॅरेजवर नेऊन ठेवायचं? तू स्वतः नोकरीत असताना सरकारी पिस्तूल मासेमारीच्या डब्यात, गळ आणि गांडुळांमध्ये ठेवायचास. वहिनीला ते आमिष शोधताना सापडायचं. तुला कोणी ह्यूस्टनला नेलं का? मी हार मानणार नाही. शनिवारी मी तुझ्यासमोर सरळ उभी राहीन आणि हे सगळं पुन्हा तोंडानं सांगीन, मोठ्या आवाजात, टॉडला पुडिंग न वाढता.

वहिनीला सप्रेम. गुडघ्याला शेक दे.

तुझी बहीण,
इर्मा मेलाँसाँ

ता. क. कुलपाचे आकडे बदलले आहेत. काय ठेवले ते लिहीत नाही. लिओकेडी पत्र टाकायला पोस्टात जाणार आहे, आणि तिला पाकिटं वाफेवर उघडता येतात. तेही सिस्टर फिलोमीनकडूनच.

ता. क. दुसरा. हे पान मी स्वतः वेगळ्या पाकिटातून टाकतेय; ते वेगळंच ठेव आणि रनेलला दाखवू नकोस. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या उजव्या तर्जनीत संधिवात आहे. मला त्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढवत नाही. कुरणात जाऊन करून पाहिलं, दोन्ही हात लावून. गाय माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा रस्त्यात कोणी आडवा आलाच, तर मला त्याच्याशी बोलावंच लागेल, आणि ते हत्यार अजून चालतंय.

म्हणून शनिवारी असं कर. रनेल दोन गोष्टी न्यायला येतेय, तिला एक जिंकू दे. तू सगळं ऐकून घे, गंभीर हो, आणि निकाल दे की रिव्हॉल्व्हर तुझ्याकडे, गाडी आणि घर माझ्याकडे. मी भांडेन. मी तुला शाळेतलं टोपणनाव घेऊन हाक मारीन. ढिला पडू नकोस, नाहीतर ती किल्लीकडे वळेल. आणि तू ते हॉलिसचं रिव्हॉल्व्हर उचलून नेशील तेव्हा मी रडेन. ते ठरवून असेल. मध्येच ते ठरवल्यासारखं वाटेनासं झालं, तर तिकडे बघू नकोस. सरळ दाराबाहेर जा.