वाळूचा हौद

सोमवार, ४ मार्च
आले एकदाची! बालवाडीत नोकरी, आणि राहायला शाळेच्याच मागची खोली. ताईला फोन करून सांगितलं, आता तुझ्या घरातला माझा पसारा खुशाल आवर. बावीस मुलं आहेत, निम्म्यांची नाकं वाहती. अंगणात वाळूचा मोठा हौद आहे, कडेला निळ्या फरशा. मुलं बुटांसकट खेळत होती. मीच सगळ्यांना बूट काढायला लावले आणि स्वतःही अनवाणी उतरले. वाळू गार, ओलसर. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, खिडकीतून बघून हसल्या. झाडलोट करणाऱ्या मावशींनी मात्र तोंड वाकडं केलं. मांजरं त्यात घाण करतात म्हणे. हौदाला झाकण करा, हे सांगून सांगून त्यांची जीभ झिजली.

रविवार, १० मार्च
डाव्या पायाच्या तळव्याला दोन दिवस खाज होती. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. आज नीट पाहिलं तर लाल, नागमोडी रेघ, पेराएवढी. टोकाशी पेनाने खूण केली. संध्याकाळी रेघ खुणेच्या पुढे गेली होती.

मंगळवार, १२ मार्च
डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. मांजराच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत पडतात, अळ्या होतात. अनवाणी पाय पडला की कातडीत शिरतात. खोल जाता येत नाही त्यांना, वरच्यावर फिरतात. गोळ्या दिल्या. हौद ताबडतोब बंद करा म्हणाले.
वर्गात आले तर तीन मुलं पाय खाजवत बसलेली. बूट मीच काढायला लावले होते.
मोठ्या बाई म्हणाल्या, पालकांना उगाच घाबरवू नका. तरी मी बावीस चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात. उद्या वाटणार.

बुधवार, १३ मार्च
वाटल्या नाहीत. खाजेने डोकं फिरायची वेळ आली. बर्फ लावला, मलम लावलं, शेवटी ब्रशने रक्त येईपर्यंत घासलं. चप्पल सहन होईना. मधल्या सुट्टीत एका मुलीला हौदातून ओढून काढायला तशीच गेले, पाय वाळूत पडला, आणि खाज थांबली. एकदम. बाहेर आले की पुन्हा सुरू.

शुक्रवार, १५ मार्च
मोठ्या बाईंनी बोलावून दार लावलं. स्वतःचे पायमोजे उतरवले. गुडघ्यापर्यंत रेघा, एकीवर एक, तसूभर जागा मोकळी नाही. हलत होत्या. म्हणाल्या, सवय होते. गोळ्या घेऊ नका, त्यांना त्रास होतो.
त्यांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

सोमवार, १८ मार्च
माझ्या घोट्यापर्यंत चार रेघा. गोळ्या संपल्या — खोटं कशाला लिहू, फेकल्या. मावशी काम सोडून गेल्या. ताईला सांगितलं, मजेत आहे.

मंगळवार, १९
चिठ्ठ्या फाडल्या. मुलं आता खेळत नाहीत. हौदात पाय रुतवून नुसती उभी राहतात, गप्प. न्यायला आलं की रडतात. आयांना वाटतं, शाळेचा लळा लागला.

गुरुवार
हौदातच बसून लिहितेय. किती शांत — फाटकाशी नवीन मुलगी. आई वाकून तिच्या बुटांचे बंद सोडतेय. मोठ्या बाई हसतायत. ओरडायला हवं. इतकंच, की बूट — पण मग हौद बंद होईल, आणि मी — ती धावत येतेय, हात पुढे करून — मीही हात —