पडद्याच्या मागल्या अंगाला

सांगली,
शनिवार, ३० नोव्हेंबर १९४६

तीर्थरूप मानसिंगदादा,

बनूचा दंडवत. हिकडं समदी खुशाल. तिकडं तूबी खुशाल आसशील. नसलास तर आदी हो, कारण ह्यो कागद खुशाल माणसानंच वाचायचा हाय.

शाळेत शिकवलं तसं शुद्ध लिहाय बसले की माझं मलाच खोटं वाटतं, म्हणून बोलती तसंच लिहिती. बेळगावात तुझ्या सुभेदारासमोर वाचू नको म्हंजे झालं.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, म्हसवडच्या जत्रंत तुमच्या सिनेमाचा खेळ लागणार, तर तू तिथं तोंड दाखवू नको; गावात मी तू मिरजेला नर्स हाईस म्हणून सांगितलंय, तेच चालू दे. एवढं लिहून खाली आशीर्वाद! हुकूम सोडायचा आन् खाली आशीर्वाद लिहायचा, ही रीत पलटणीत शिकवत्यात व्हय रं?

तर मी म्हसवडला गेले. तोंडबी दाखवलं. आता राग आला आसंल तर पाणी पी आन् म्होरं वाच.

जत्रा औंदा लय दांडगी भरली. लढाई संपून पोरं घरला आली, त्येच्यामुळं रथावर गुलाल-खोबऱ्याचा नुसता पाऊस. आप्पासो चुलत्यानं नवी खिलारी जोडी घेतलीय, तीच जुपून आपल्या आळीतल्या बायका घेऊन आला हुता. सुलाबाई आली हुती, तिचं गुडघं दुखत्यात पण जत्रा सोडवत न्हाई. आईबी आली हुती. आईचं म्होरं सांगती.

आदी सिनेमाचं ऐक, कारण तू न बघताच त्येला नावं ठेवलीस. नाव "बंद गुऱ्हाळ". एक इनामदार हाय, लोकांच्या जमिनी गिळणारा. एका सकाळी त्यो उसाचा रस उकळायच्या काहिलीत भाजून बेसुध पडलेला घावतो. कुणी ढकलला? समदा सिनेमाभर त्येचाच तपास. गुप्त पोलीस झालाय दादासो, सांगलीच्या तालमीतला. कुस्ती सोडून अकलेचं काम करताना त्येला लय घाम फुटायचा. आन् शेवटाला कळतं की इनामदाराला ढकललं ते गुऱ्हाळावर चिपाडं गोळा करणाऱ्या बाईनं. ती बाई म्हंजे मी.

व्हय दादा, मी हिरोईन न्हाई. झाडाभोवती फिरले न्हाई, कुणाच्या गळ्यात पडले न्हाई. मी खून केलाय.

कंपनी म्हणशील तर भूपालदादा, त्यांची बायको त्रिशलावहिनी आन् आमी धा-बारा माणसं. भूपालदादा आष्ट्याकडच्या जैनाचं पोरगं, कोल्हापुरात कॅमेरावाल्याच्या हाताखाली उमेदवारी केलेलं. मोठ्या थेटरवाल्यांनी सिनेमा घेतला न्हाई. गाणी दोनच, त्यात खुनी बाई, कोण बघणार म्हणले. तवा भूपालदादांनी एक जुना ट्रक केला, मशीन चढवलं, तंबू घेतला, आन् म्हणाले, "आपणच नेऊ, आपणच दावू. बघू कोण बघत न्हाई ते."

मला का घेतलं, ते तुला ठाऊक हाय. माझ्या डाव्या गालावरचा डाग. लहानपणी गुऱ्हाळावर काकवी उडाली, त्येचा. त्या डागापायी किती सोयरिकी मोडल्या ते तू दारात बसून बघितलंस. पाव्हणे यायचे, पोहे खायचे, माझ्याकडं बघायचे आन् जायचे. भूपालदादा एकटाच माणूस भेटला ज्यानं डाग बघून "ह्योच पायजे" म्हटलं. सिनेमात शेवटाला सुद्धीवर येऊन मरता मरता इनामदार गड्याला सांगतो, "डाव्या गालावर डाग..." आन् मरतो. त्या खुणेवर गुप्त पोलीस मला धरतो.

आता तंबूचं सांगती. म्हसवडच्या तंबूत पडदा मधोमध. म्होरल्या अंगाला बाप्ये, मागल्या अंगाला बायका. पडदा पाण्यानं भिजवत्यात, म्हंजे चित्र आरपार उमटतं आन् मागनंबी दिसतं. फक्त मागनं उलटं दिसतं. डावं ते उजवं. उलट्या बाजूनं बघायची सवय आपल्या बायकांना लहानपणापास्नंच लागलेली, कोण त्यात चूक काढणार?

दिवं लागल्यावर पहिला खेळ सुरू झाला. आमची समदी मंडळी म्होरं बाकावर बसली. मी मात्र पदर नाकापर्यंत ओढला आन् मागं बायकांत जाऊन बसले. माझं गाव माझ्याबद्दल काय बोलतं ते मला ऐकायचं हुतं. आईच्या पाठीशीच बसले. तिच्या अंबाड्याचा वास येत हुता. वर्ष झालं दादा, तिच्या इतकी जवळ बसले नव्हते.

मी पडद्यावर आले. सुलाबाईनं आईला कोपरानं ढोसलं. "आगं साळू, ही तुझी बनू की गं!"

आई पडद्याकडंच बघत ऱ्हायली.

"साळू, आगं बनूच हाय! नर्स कशाची, नाटकी झालीय ही!"

समद्या बायका माना वळवून आईकडं बघाय लागल्या. आन् आई म्हणाली, "न्हाई. ही माझी लेक न्हवं. माझ्या बनूचा डाग डाव्या गालावर हाय. हिचा बघ, उजवीकडं हाय."

बायकांनी बघितलं. खरंच उजवीकडं हुता! "व्हय गं बाई, उजवाच की," आसं म्हणून एकजात समद्यांनी मान डोलावली आन् शेंगा खाय लागल्या. इथवर ठीक हुतं, पण म्होरं गंमत ऐक. इनामदार "डाव्या गालावर डाग" म्हणून मेला आन् गुप्त पोलिसानं मला धरलं, तशी सुलाबाई उठून उभी ऱ्हायली. "आरं मुडद्या, तिला का धरतोस? तिचा डाग उजवीकडं हाय! डोळं फुटलं का तुझं?" समद्या बायका वरडाय लागल्या. सोडा तिला, सोडा तिला! म्होरनं बाप्ये वरडत्यात, धर, धर, सोडू नको! सबंध जत्रंत आसा खेळ झाला न्हाई.

मी हसले न्हाई दादा. माझ्या कानात एकच घुमत हुतं, ही माझी लेक न्हवं. डाग उठला तवा कितीक दिस तूप लावत बसणारी माझी आई. तिला डावा-उजवा कळत न्हाई व्हय? मला इतका राग आला की रडू फुटलं, आन् रडू फुटलं म्हणून आणखी राग आला.

खेळ संपला तशी मी ट्रककडं गेले. आप्पासो चुलता वाट बघतच हुता. त्यानं मला हेरलं हुतं. म्हणाला, "बनू, पोरी, साळूनं निभावलं बघ. बायकांनी मानलं न्हवं? आता भूपालराव एकेकाला म्होरं बोलवणार हायेत, तू जाऊ नको. हितंच ट्रकात बस. घराची अब्रू ऱ्हायली, मानसिंगाचा शब्द ऱ्हायला, आन् तुझंबी काम झालं. कुणाचंच नुकसान न्हाई."

मी म्हटलं, "माझं हाय की."

"तुझं काय?"

"काका, मी चिपाडं उचलून हात सोलले, उन्हात दोन महिनं काम केलं. मला कुणी जबरदस्तीनं नेलं न्हाई आन् मी चोरी केली न्हाई. म्होरं आता कोण उभं ऱ्हाणार? मिस नलिनी?"

कारण बोर्डावर माझं नाव मिस नलिनी आसंच रंगवलं हुतं, तुमच्या भीतीनं. मीच सांगितलं हुतं भूपालदादांना, आमच्या घरच्यांना तरास नको. तिथं ट्रकापाशी मला त्या नावाची किळस आली.

गॅसबत्ती आणली. भूपालदादा पडद्यासमोर खोक्यावर चढले. दादासोला बोलवलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. इनामदाराला बोलवलं, लोकांनी शिव्या दिल्या, बिचारा लय खूश झाला. मग माझी पाळी. मी त्यांना नाव घेऊ दिलंच न्हाई. पदर मागं टाकला, खोक्यावर चढले आन् सांगितलं, "मी बनुबाई नाथाजी घार्गे. रहिमतपुराजवळच्या घार्ग्यांची. मिरजेला नर्स न्हाई. इनामदाराला मारणारी बाई ती मीच."

आपल्या गावचे लोक खाली बघाय लागले. मागनं कुणीतरी शेंगांची टरफलं फेकली, ती माझ्या पायाशी पडली. मी तशीच उभी. मला वाटलं, आता ह्या टरफलांवरच मला उभं ऱ्हायचं हाय जल्मभर, तर ऱ्हाईन.

तेवढ्यात पडद्यामागनं सुलाबाई वरडली, "पर बाई, तुझा डाग तर उजवीकडं हाय की!"

बाप्ये हसले. आन् हसणं थांबायच्या आत मागं गलका झाला. आडव्या बांबूची आड सारून आई म्होरल्या अंगाला आली. बाप्यांच्या मधनं. आपली आई, जी चावडीसमोरनं जाताना वाट वाकडी करती. ती सरळ माझ्याजवळ आली, गॅसबत्ती हातानं जरा बाजूला केली आन् माझ्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"हितं हाय डाग. माझीच लेक हाय. मी खोटं बोलले."

मग तिनं भूपालदादांना सांगितलं, "बाबा, ह्यो शेवटचा भाग पुन्ना लाव. आमाला हितनं बघू दे. माझी लेक मला सरळ बघायचीय."

तिच्यामागनं सुलाबाई आली, मग आळीतल्या समद्याच. खाली बसल्या पसरून. एक म्हातारा म्हणाला, आवं, मग आमी कुठं बसायचं? सुलाबाई म्हणाली, "मागं! आमी इतकी वर्सं बसलो, मेलो न्हाई." गेले की बाप्ये मागं! कुरकुरत गेले. भूपालदादांनी शेवटचं रीळ पुन्ना चढवलं आन् गुप्त पोलिसानं मला धरल्यावर सुलाबाई वरडली, "हां, आता बरोबर धरलं!"

खेळानंतर मी आईला विचारलं, तू पडदा उलटा हाय ते वळखलं न्हाईस व्हय? ती म्हणाली, "मला खुळी समजतीस? इनामदार डाव्या हातानं जेवाय बसला तवाच कळलं मला."

"मग का म्हणालीस आसं?"

तवा तिनं समदं सांगितलं. मी ह्ये तुला लिहिणार नव्हते. आदीच्या ओळी पुन्ना वाच, मी आईचं म्होरं सांगती म्हणाले, ते ह्येच्यासाठी. पण आता लिहिती. दिवाळीच्या रजेत तू तिचा हात तुझ्या डोक्यावर ठेवून घेतलास. शपथ घातलीस, की बनू सिनेमात हाय ह्ये कुणाजवळ कबूल करायचं न्हाई. पोराच्या डोक्यावर हात! सैन्यातल्या पोराच्या! ब्रह्मदेशातनं तू परत येईपर्यंत जिनं एक दिस धड अन्न खाल्लं न्हाई, तिच्याकडनं तू आसली शपथ घेतलीस? लाज वाटली न्हाई तुला?

आन् ती शपथ तिनं चारशे माणसांच्या म्होरं मोडली. माझ्यासाठी. तिला ठाऊक हुतं ती काय करतीय. दुसऱ्या दिशी सिद्धनाथाच्या पायरीवर डोकं टेकून म्हणाली, "नाथा, काय करायचं ते मला कर. त्या दोघांच्या वाटंला जाऊ नको."

आता ती माझ्याकडं सांगलीत हाय. मीच घेऊन आले, आप्पासो चुलत्यानं घरात बोलणं टाकलं म्हणून. त्रिशलावहिनीचं आन् तिचं लय जमलंय, दोघी मिळून चटण्या कुटत्यात. बोर्डावरचं मिस नलिनी तिनं पेंटरला तिच्यासमोर खोडाय लावलं. पण सायकलवर पोस्टमन दिसला की तिचा हात थांबतो. "तार न्हाई न्हवं गं?" रोज. केलं त्येचा तिला पश्चात्ताप न्हाई. पण भ्या हाय, आन् ते भ्या तू दिलंयस.

म्हणून ऐक. तू मला बहीण म्हण न्हाईतर म्हणू नको. रहिमतपुरास्नं कोल्हापुरापर्यंत जिथं जिथं तंबू लागंल तिथं मी खोक्यावर चढून माझं नाव सांगणार हाय, ते तुझ्या पत्रानं थांबायचं न्हाई. मला तुझ्याकडनं काय नको. आईला मात्र पायजे. शपथ घालणाऱ्यानंच "सुटली" म्हणायचं आसतं. कागदावर एवढा एक शब्द लिही आन् धाड. खाली आशीर्वाद लिहायची गरज न्हाई. तुझा कागद आला की पोस्टमनच्या हातातनं घेऊन मी तिला मोठ्यानं वाचून दावीन.

लवकर लिही. ती जेवताना दाराकडं तोंड करून बसती.

तुझी बहीण, आन् म्हसवडच्या तंबूत समद्यांनी बघितलं तशी साळूबाईची लेक,

बनुबाई नाथाजी घार्गे